काळ्या खिडकीचा हट्ट

४ मार्च, सोमवार
रक्तपेढीत आजपासून नवा डेटाबेस. रक्तदात्यांची नावं, गट, फोन सगळं तिकडे गेलं. हलवण्याआधी झटपटबाईंनी महिनोन् महिने एकेका दात्याला फोन करून नव्यासाठीच्या वेगळ्या यादीत नंबर दुरुस्त केले. (शेजारच्या टेबलावरच्या सहकारी. प्रत्येक गोष्ट झटपट करतात, म्हणून नाव.) मला तो वेळेचा अपव्यय वाटतो. जुना डेटाबेस महिनाअखेरपर्यंत नुसता चालू ठेवलाय, खबरदारी म्हणून.

नव्यासोबत तो वापरायचं नवं टूलही आलंय. रंगीत बटणं, गोल कोपरे, शिकवणीचे व्हिडिओ. मी एकही बघणार नाही. हाताने आज्ञा टाइप करायची माझी काळी खिडकी आहे ना संगणकावर! ती जुन्या डेटाबेससाठी बनलीय हे खरं, पण त्याच खिडकीतून नव्याला प्रश्न विचारणार. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, दोघांची भाषा वेगळी आहे. मी म्हटलं, मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम बसवतो. मॅडमनी कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं.

५ मार्च, सकाळ
दुभाष्या डाउनलोड केला. इन्स्टॉल झाला. किरकोळ काम.

५ मार्च, दुपार
खिडकी म्हणते, दुभाष्या सापडत नाही. समोर बसलाय आणि सापडत नाही!

६ मार्च
सापडला. आता नव्या डेटाबेसला दात्यांच्या तक्त्याचं नाव कळत नाही. खिडकी सगळं कॅपिटलमध्ये पाठवते, याला स्मॉलच लागतं. एवढा मोठा डेटाबेस आणि अक्षरांवरून रुसतो. झटपटबाई म्हणाल्या, नावाला अवतरणचिन्हं लावून बघा. मी म्हटलं, मला माहीत होतं. माहीत नव्हतं. लावली. दुसरी एरर आली, म्हणजे प्रगती आहे.

७ मार्च
दुसरीच्या जागी तिसरी एरर. चहा तीनदा गार झाला. दुभाष्याच बेइमान आहे.

८ मार्च
घरून बायकोचा फोन. तिच्या बहिणीचं ऑपरेशन मंगळवारी. गट असा दुर्मीळ की पेढीत एकच पिशवी आहे, डॉक्टरांना आणखी हव्यात. म्हणजे दात्यांना बोलवायला हवं. मी म्हटलं, रक्ताची काळजी माझ्यावर सोड, घरचा माणूस पेढीत बसलाय कशाला? ती म्हणाली, झटपटबाईंना सांगितलं तर? मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती जरा थांबून 'आहे' म्हणाली. ते थांबणं मला आवडलं नाही.

९ मार्च, शनिवार
जिंकलो!! दुभाष्याला हाकलून दिलं. कुठला डेटाबेस कुठे सापडतो त्या पत्त्यांच्या फाईलमध्ये जुन्या डेटाबेसची ओळ कॉपी केली, फक्त नाव बदलून 'नवा' केलं. याला म्हणतात डोकं. एका फटक्यात कनेक्ट! अवतरणचिन्हं नकोत, काही नको. नवा डेटाबेस चक्क जुन्या बोलीत उत्तरं देऊ लागला. शेवटी त्यानेच माझ्यापुढे हात टेकले.

दात्यांची यादी काढली. बायकोला वाचून दाखवली. ती रडली. मीही जवळजवळ.

१० मार्च, रविवार
सगळ्यांना फोन लावले. एक नंबर अस्तित्वात नाही. एक नंबर आता भलत्याच माणसाकडे गेलाय, तो वैतागला. तिसऱ्या घरी दात्याच्या सुनेने सांगितलं, बाबांना जाऊन वर्ष झालं. मी सांत्वन केलं. चौथा परदेशात. लोक नंबर बदलतात, गाव बदलतात, आणि पेढीला कळवत नाहीत! समाजाची ही अवस्था. बायको म्हणाली, तुमच्या बाईंनी तर नंबर दुरुस्त केले होते ना? मी म्हटलं, केले असतील अर्धवट.

११ मार्च, सोमवार
सकाळी सकाळी झटपटबाईंच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, तुमच्या नंबरांमुळे माझी मेहुणी अडचणीत आहे. मोठ्याने म्हटलं. सगळी पेढी ऐकत होती.

त्यांनी नवं टूल उघडलं. तीच यादी. वारलेल्या बाबांचं नाव नव्हतं. भलत्या माणसाचा नंबर नव्हता. एक बाई दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, माझ्या यादीत नव्हत्याच. मग माझी पत्त्यांची फाईल मागितली. मी दिली, अभिमानाने. त्यांनी बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, अहो, नाव नव्याचं आहे, पत्ता जुन्याचाच राहिला. तुम्ही आठवडाअखेर जुन्या डेटाबेसशीच बोलत होतात.

मी म्हटलं, हो का.

दुपारपर्यंत दोन दाते येऊन रक्त देऊन गेले. बोलावले झटपटबाईंनी. त्या गल्लीतल्या बाईंना खुर्ची मी आणून दिली.

१२ मार्च
ऑपरेशन नीट झालं. बायको दिवसभर दवाखान्यात. संध्याकाळी माझ्याशी एवढंच बोलली, जेवलात का?

१३ मार्च
नव्या टूलचा पहिला व्हिडिओ लावला. छान आहे. आवाज बंद होता, तो सुरू कसा करायचा ते विचारायचं राहिलं. पासवर्ड तीनदा चुकला, खातं बंद. उघडून देणार झटपटबाई. त्यांच्याकडे जायला पाय उचलत नाही.

१६ मार्च
मेहुणी घरी आली. बघायला बरेच पाहुणे. खोलीत शिरलो तर ती उशीला टेकून सगळ्यांना सांगत होती, भावोजींनी माझ्यासाठी फार धडपड केली हो. सगळे कौतुकाने माझ्याकडे वळले. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

मी पाणी आणायला आत गेलो. ग्लास भरला, तिथेच उभा राहिलो, आणि मीच पिऊन टाकला.