जांभळे रबर

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १२ डिसेंबर २०२३

प्रिय उमा,

आज आठव्या दिवशी नळाला पाणी आलं. सकाळी सहा ते सव्वासात टाकी आणि दोन्ही पिंपं भरून घेतली. साडेदहाला बाहेर पडलो, दीडला परत आलो. सकाळची खिचडी होती, ती खाल्ली. रजा आजच्यापुरतीच टाकली आहे. उद्या कन्नडला जमिनीची मोजणी आहे. तब्येत ठीक आहे.

फोनवर मला चार वाक्यांपुढे बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे, म्हणून लिहितो आहे. रविवारी तुला बघायला पाहुणे येणार. आईला जाऊन सव्वादोन महिने झाले. वर्षाच्या आत लग्नकार्य झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल म्हणून सगळ्यांची घाई चालली आहे. गेल्या आठवड्यात मी तुला सारजा आत्याचा निरोप सांगितला. दातांच्या तारा सध्या काढून घे, लग्न झाल्यावर पुन्हा बसव, आणि ते जमत नसेल तर त्या दिवशी तोंड मिटून बस. तू 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं आहे.

काल दाताच्या दवाखान्यातून फोन आला होता. द्वारका काकूंच्या दोन तारखा चुकल्या, तारा घट्ट करायच्या राहिल्यात, कधी येतील? मी 'उद्या येतो' एवढंच म्हणालो. तुझी आई गेली, हे मला फोनवर सांगता आलं नाही. रात्रभर वाटत होतं की समोर जाऊन सांगणं सोपं जाईल. तसं काही झालं नाही.

तिथं आशाबाई म्हणून एक बाई बसतात, पन्नाशीच्या. मी नाव सांगितलं तर त्या एकदम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काका, काकूंना नाही आणलं? अहो, दवाखाना सुना पडलाय त्यांच्यावाचून. त्या आल्या की आतल्या मशीनचा आवाज ऐकू येत नाही, एवढ्या हसतात. मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, आमच्या मंडळी हसत नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. द्वारका रामकिसन, पुंडलिकनगर, वय सत्तेचाळीस. पत्ता आपलाच होता. मग मी सांगितलं. त्या खुर्चीत खाली बसल्या, मग उठून त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

उमा, तिने तारा बसवल्या तेव्हा मी काय म्हणालो होतो ते तुला आठवत असेल. 'या वयात?' एवढंच. तिने हिरड्यांचं काहीतरी सांगितलं, मी ऐकून घेतलं. त्यानंतर दीड वर्ष मी तिचा नेम बघत होतो. भाकरी दुधात कुस्करून खायची, शेंगदाणे बंद, ऊस बंद. जानेवारीत पिशोरला शेतात हुरडा भाजला तेव्हा सगळ्यांना चोळून दिला आणि स्वतः नुसतं दही खाल्लं. जेवण झालं की बेसिनपाशी उभी राहायची, आधी साधा ब्रश, मग तारेखालून फिरवायचा तो बाटलीच्या ब्रशसारखा इवलासा. तार गालाला टोचली की तारेच्या टोकावर मेण लावायची. दुपारच्या ब्रशसाठी तिने मोबाइलमध्ये तीनचा गजर लावला होता. तो मोबाइल मी अजून चार्ज करतो. रोज तीनला गजर वाजतो, घरी असलो तर मी बंद करतो. हे सगळं मी बघत होतो. मला वाटायचं, दुखणं आहे, सोसते आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला संगणकावर फोटो दाखवले. दर तीन महिन्यांनी ते लोक पेशंटचे फोटो काढतात, एक तोंड मिटून आणि एक हसून. हसून काढावाच लागतो, त्याशिवाय दात किती सरकले ते कळत नाही. मिटलेल्या तोंडाचे मला नवीन नव्हते. आपल्या भिंतीवर हार घातलेला आहे तो तसाच. पण हसलेले सहा होते. पहिल्यात ती कसंनुसं हसली आहे आणि पदर धरलेला हात कडेला अर्धवट दिसतो. दुसऱ्यात हात नाही. शेवटचा सप्टेंबरचा आहे. त्यात मान मागे टाकली आहे, डोळे मिटले आहेत, फोटो हललेला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आमच्या कामाचा नव्हता, पण पुसवला नाही. मी ओळखत नसलेल्या माणसाकडे बघावं तसा बघत होतो. सव्वीस वर्षं मी तिच्यासमोर बसून जेवलो आहे, उमा. मला हा चेहरा माहीत नव्हता.

त्यात तिच्या दातांवर रंग होते. मी विचारलं तेव्हा आशाबाईंनी सांगितलं की तार धरून ठेवायला प्रत्येक दातावर रबराचं बारीक कडं असतं, ते दर महिन्याला बदलतात आणि रंग पेशंटने निवडायचा असतो. हे तुला ठाऊक असणार. कॉलेजची मुलं रंगीत घेतात. मोठी माणसं राखाडी मागतात, दिसू नये म्हणून. तुझ्या आईने एकदाही राखाडी घेतलं नाही. पोपटी, गुलाबी, दिवाळीला लाल आणि पिवळं आलटून पालटून. आशाबाईंनी एकदा विचारलं, घरी काय म्हणतात काकू? तर म्हणाली, घरी कोण बघतंय, मी तोंड उघडलं तर ना. आणि स्वतःच हसत सुटली. सप्टेंबरमध्ये तिने जांभळा घेतला होता.

मी तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती. तीन ऑक्टोबरला मोठ्या दवाखान्यात शेवटी तुळशीचं पान आणि गंगाजल द्यायला मी तिचे ओठ उघडले, तेव्हा दातांवर जांभळं काहीतरी दिसलं. मला वाटलं, डेंग्यूने आतून रक्त साकळलं. चार दिवस ताप अंगावर काढू दिला, मी आधी आणायला हवं होतं, आतून एवढं झालं आणि आपल्याला कळलं नाही, असं मी दोन महिने धरून बसलो होतो. डोळे मिटले की तेच दिसायचं. ते रबर होतं. तिने हौसेने निवडलेलं. आज ते ऐकलं तेव्हा मी रंगाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

हसायचं नाही हे तिने कधी ठरवलं, तेही त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी तिला बघायला खुलताबादला गेलो तेव्हा बरोबर तात्यासाहेब काका आणि आक्का, म्हणजे तुझी सारजा आत्या, होते. तुझ्या आईचे वरचे दोन दात पुढे, त्यांतला एक दुसऱ्यावर चढलेला, तुझे आहेत तसेच. म्हणून तुझ्या आजीने, वच्छलाबाईंनी, तिला आत बजावलं होतं, मान खाली आन् तोंड बंद, इचारलं तेवढंच बोल. परत येताना आक्का म्हणाली, पोरगी लई गंभीर हाय, तुझ्याजोगी हाय. मी स्वतः अबोल, मला ते पटलं. मी गंभीर मुलगी पसंत केली. आणि तुझ्या आईने दवाखान्यात हे हसत हसत सांगितलं होतं, यांनी मिटलेलं तोंड पसंत केलं, आता उघडलं तर म्हणतील फसवलं. आधी सरळ करून घेते, मग दाखवते.

एकदा ती माझ्यासमोर हसली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी नव्या खाटेवर मी चहा घेऊन बसलो आणि नवारीचा पट्टा तुटून मी खाली जमिनीला टेकलो. पाय वर, कप हातात, चहा एक थेंब सांडला नाही. ती मोठ्याने हसली. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने लगेच पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मी बघत होतो ते मला आवडलं म्हणून. पण मी म्हणालो काय, तर 'कप फुटला नाही.' तिने त्याचा काय अर्थ घेतला असेल, ते मला आज कळलं. 'तुझं हसणं आवडलं' हे एक वाक्य मी बोललो असतो तर दात वाकडे असतानाही चाललं असतं.

म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी दिलेला निरोप परत घेतो. तारा काढू नकोस. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, अर्ध्यावर काढल्या तर दात पुन्हा जुन्या जागी जायला बघतात म्हणे. आक्काला मी स्वतः सांगेन, ती रागावली तर माझ्यावर रागावेल. या महिन्याचा रंग तुझ्या मनाने घे, दिसेल असा. रविवारी पाहुण्यांसमोर हसू आलं तर हस. आणि तू हसल्यावर तो मुलगा तुझ्याकडे बघत राहिला आणि काही बोलला नाही, तर पदर नको, ओढणी नको, त्याला सरळ विचार की काय बघतोस. माझ्यासारखा असेल तर विचारल्याशिवाय सांगणार नाही. तो सप्टेंबरचा हललेला फोटो मी मोठा करायला टाकला आहे. शुक्रवारी फ्रेम मिळेल, तू येशील तेव्हा भिंतीवर तोच असेल.

तीन वाजले. गजर वाजतो आहे. आज बंद करत नाही. बेसिनपाशी जाऊन दात घासून येतो.

तुझाच,
अण्णा