हॉलवर्डची मुलगी

१९ एप्रिल २०२०, क्लोनडॉकिन
लॉकडाऊनमुळे घरापासून दोन कि.मी.च्या आत राहून डोकं आंबलंय. सासऱ्यांना, म्हणजे मार्टिनबाबांना, रोज फोन. इथून दूर, कासलबार गावाच्या बाहेर शेतावर एकटेच असतात. नवऱ्याचं, ओवनचं, त्यांच्याशी बोलणं हवामानावर सुरू होऊन तिथेच संपतं, मग फोन माझ्याकडे. आजचा विषय: शेताच्या टोकाची भिंत. पलीकडे हॉलवर्डांचा पडका बंगला. कॅप्टन हॉलवर्ड सतराव्या शतकात इंग्लंडहून आला, इथली चांगली जमीन बळकावली आणि मार्टिनबाबांच्या पूर्वजांना दलदलीकडे हाकललं. मा.बा. हे असं सांगतात की जणू मागच्या मंगळवारी झालं. म्हटलं, तुमची वंशावळ काढू या का? एकदम खूश. लॉकडाऊनला एक काम मिळालं.

२५ ऑक्टोबर
झाली वंशावळ. जुन्या चर्चच्या नोंदी ऑनलाइन वाचून डोळे गेले, पण मजा आली. सारखी माझ्या बाबांची आठवण. रविवारी जेवणानंतर आमचा कुलवृत्तांत उघडून बसायचे. मूळ पुरुषावर बोट ठेवायचं आणि मुलगा, त्याचा मुलगा करत खाली यायचं. पुण्यातली ती दुपार, पंख्याचा आवाज, बडीशेपेचा वास. बाबा असते तर आज त्यांना फोन केला असता. तीच पद्धत इथे उलटी वापरली, बाप, त्याचा बाप. नोंदी जातात तिथवर एकही इंग्रज नाही. मा.बां.ना सांगितलं. "ग्रँड," म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत झकास. थोड्या वेळाने पुन्हा, "ग्रँड."

१ नोव्हेंबर
मा.बां.नी दुकानात, पोस्टमनला, फादरना, सगळ्यांना सांगून झालंय. सून हुशार आहे म्हणे. मी हवेत.

१५ नोव्हेंबर
मीराने फ्रिजवर लावलेला वंशावळीचा कागद नीट बघितला. अकरा वर्षांची कार्टी.
"आई, व्हेअर आर ऑल द मम्स?"
खरंच की. एकही बाई नाही त्यात. बाबांचं बोट जिथून गेलं तिथूनच मी गेले. म्हणजे अर्धंच काम झालंय आणि गावभर दवंडी पिटून झाली.

१७ जानेवारी २०२१
सापडलं. नसतं सापडलं तर बरं झालं असतं.
मा.बां.च्या आईची आजी एलिझाबेथ. कॅथलिक चर्चमधली लग्नाची नोंद, बापाचं नाव हॉलवर्ड, पत्ता भिंतीपलीकडचा बंगला. नवरा त्यांच्याच तबेल्यातला नोकर. बंगलेवाल्यांची छापील वंशावळही मिळाली, थेट कॅप्टनपर्यंत. भावांच्या नावांखाली पानभर पिलावळ. एलिझाबेथच्या खाली कोरं.
उठून आमचा कुलवृत्तांत काढला. माझं नाव आहे. नवी आवृत्ती निघाली तर ओवनचंही छापतील. मीराचं नाही, मुलीची मुलं त्यात येत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आज मात्र रडू आलं.
ओवन म्हणतो, सांगू नकोस, ऐंशीचे आहेत, त्या भिंतीपलीकडच्यांच्या रागावर जगतायत. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय.

७ मार्च
मा.बां.नीच फोनवर विचारलं, आईकडचं काय निघालं? खोटं बोलवेना. सांगून टाकलं.
किटली उकळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "त्या लोकांना शिव्या दिल्या की आई उठून बाहेर जायची. मला वाटायचं तिला माझी भाषा आवडत नाही." आणि फोन ठेवला.

११ एप्रिल
अजून माझ्याशी बोलत नाहीत. ओवनशी हवामान. मी शेजारी बसून ऐकते. त्यांच्या त्या लांबलचक गोष्टी नाहीत तर रविवार खायला उठतो. कशाला नसती उठाठेव केली मी?

१६ मे, मेयो
काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायची परवानगी मिळाल्याबरोबर निघालो. कुलवृत्तांत बॅगेत टाकला, का ते माहीत नाही.
मा.बा. वाळलेत. जेवण झाल्यावर स्वतःच म्हणाले, चला. भिंतीच्या कडेने चालत हॉलवर्डांच्या पडक्या चर्चपर्यंत. आयुष्यात कधी आत गेले नव्हते. फाटकाशीच थांबले. मी नि मीराने आत जाऊन थडग्यावरची आयव्हीची वेल ओढून काढली. दगडावर कॅप्टनचं नाव, खाली मुलगे, नातू. मीराने मोठ्याने वाचलं.
"मुलगी आहे का त्यावर?" मा.बां.नी बाहेरून विचारलं.
नाही म्हटलं.
"मग मला आत काही काम नाही."
परत येताना माझा हात धरला, उताराचं निमित्त करून. दोन महिन्यांहून जास्त झाले होते ते माझ्याशी बोलल्याला.
चहाच्या वेळी कुलवृत्तांत दाखवला. मराठी अक्षर कळेना, तरी प्रत्येक पान बघितलं. तू यात कुठेयस, त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं.
"आणि तुझ्या खाली?"
काही नाही, म्हटलं. तशीच पद्धत आहे.
उठून प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, पेन्सिल शोधायला लागले. कपबशा, सुतळी, औषधं सगळं बाहेर काढलं, पेन्सिल मिळेना. मीरा टेबलाशी वाट बघत बसली होती. पुस्तक माझ्या नावाच्या पानावर उघडंच ठेवलंय.