डावा हात

पोर्ट सईद, ३ एप्रिल
अखेर गोदामाच्या लोखंडी सांगाड्यावर काम लागलं! समुद्राचा वारा, टमियाचे वडे आणि रोटीची न्याहारी, आणि जोडीदार उस्ता बिशारा, कसलेला कारागीर आणि देवमाणूस. तुळया जोडायचं काम आम्हा दोघांचं. उंचीवर बांधायचा माझा सुरक्षा पट्टा त्याने स्वतः आवळला. पट्ट्याला दोन हूक. एक अडकल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. बारा वर्षं हेच करतोय म्हटलं, तर म्हणाला, "मग तेराव्या वर्षीही कर."
माझ्या जागी आधी लुत्फी होता. गेल्या महिन्यात पडला. हूक शाबूत, पण दोन्ही उघडे सापडले. मुकादम वहबा म्हणतो, निष्काळजी होता. बिशारा नुसता चहा ढवळत राहिला.

६ एप्रिल
सातव्या खांबावर बोल्ट आवळताना पाहिलं, तर माझा हूक सुटलेला. अडकवल्याचं मला पक्कं आठवतंय. बिशाराला सांगितलं नाही. नवा माणूस घाबरट, असं नाव व्हायला वेळ लागत नाही.

८ एप्रिल
पुन्हा तेच. या वेळी बिशाराने पाहिलं. खाली उतरल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, "नाजी, हूक तूच उघडलास रे. डाव्या हाताने. बघत होतास भलतीकडेच."
मला यातलं काही ठाऊक नाही. मग हळूच म्हणाला, लुत्फीही असाच उघडायचा. लुत्फीचं काम जाईल म्हणून बिशारा गप्प बसला होता.
माझ्याच हाताची भीती वाटते.

९ एप्रिल
वर जाणार नाही, असं मुकादमाला सांगायला निघालो होतो. बिशाराने अडवलं. म्हणाला, "एकच तुळई राहिलीय. या वेळी मी कुणाला पडू देणार नाही."
उद्या माझे दोन्ही हूक त्याच्या पट्ट्याला, म्हणजे माझा हात लागला की त्याला कळेल; त्याचा एक हूक आम्ही बसू त्या तुळईला, दुसरा सरकायला मोकळा. माणसाला माणूस बांधायचा नसतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी हायसं वाटलं.

१० एप्रिल, सातव्या खांबावर
खमासीन सुटलाय, वाळवंटाचा गरम वारा. डोळ्यांत धूळ. तुळई क्रेनला अधांतरी. बिशारा म्हणतो, डाव्या हाताने वही धर, उजव्याने लिही, दोन्ही हात कामात राहतील. लिहितोय.
तो उभा राहिला. पाठ माझ्याकडे. तुळई खाली घे म्हणून क्रेनवाल्याला दोन्ही हातांनी खुणा —
वही मांडीवर आहे. मी ठेवली नाही.
हाका मारतोय, वाऱ्यात त्याला —
डाव्या हाताला तापलेलं लोखंड लागतंय. त्याचा हूक —