पाणी मानवेपर्यंत

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! ताईने दारातच अशी मिठी मारली की हातातली बॅग माझ्याच पायावर आदळली. भावोजी गेल्यापासून ती या घरात एकटीच, आणि चिमी परदेशात हॉस्टेलवर. चिमी म्हणजे माझी भाची. लहानपणी मी भरवल्याशिवाय तोंड उघडायची नाही आणि आता वर्षभरात मावशीला एक फोन नाही! शिंगं फुटलीत बाईसाहेबांना. मला मात्र ताईच्या शब्दापुढे काही सुचत नाही. आईच्या माघारी तिनेच वाढवलं मला. तिने नुसतं ये म्हटलं आणि मी नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली, भांडीकुंडी शेजारणींना वाटून टाकली.

बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. आत एकच मासा, तळहाताएवढा, पिवळाधमक. फुलपाखरू मासा म्हणतात याला. शेपटीजवळ काळा ठिपका असतो, तो खोटा डोळा. खरा डोळा काळ्या पट्ट्यात लपलेला. मी बराच वेळ त्या ठिपक्याशीच लाडंलाडं बोलत होते. ताई हसून हसून लोटपोट झाली.

६ मार्च, गुरुवार

टाकीची कामं ताईने माझ्या गळ्यात घातली, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली. गाळलेल्या पाण्यात शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडचं समुद्री मीठ कालवायचं, दिवसभर ढवळत ठेवायचं, खुणा कोरलेली काचेची नळी तरंगवून खारेपणा मोजायचा, मग टाकीतलं थोडं जुनं काढून थोडं नवं घालायचं. साबणाचा हात टाकीत घातलास तर याद राख, असा दम मिळाला आहे.

हे मासे जोडीने राहतात, एकटे पडले की खाणं टाकतात, म्हणे. ताई या माशाला 'ही' म्हणते. 'ही' अन्नाला शिवत नव्हती. मी कोळंबीचा बारीक तुकडा बोटांत धरला, तर सरळ येऊन खाल्लान् की! ताईचे डोळे भरून आले. मासा जेवला म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

१२ मार्च, बुधवार

पोट बिघडलंय. ओठ फुटलेत, तहान भागत नाही. पाण्याला खारट चव आहे. ताई म्हणाली, नव्या जागेचं पाणी लागलंय तुला, होईल सवय. माझ्या उशाशी पाण्याचा जग तीच भरून ठेवते, मला उठूसुद्धा देत नाही. इतके लाड लहानपणीही झाले नव्हते.

१९ मार्च, बुधवार

आता बरी आहे. गंमत म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात बाटलीतलं पाणी प्यायले, तर घशाखाली उतरेना. अळणी! रस्त्यावरच ओकले. घरी येऊन जग तोंडाला लावला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ताई कौतुकाने बघत होती. ते बघणं मला जरा— जाऊ दे.

ताईने आज सांगितलं की नवा मासा आणला की थेट टाकीत सोडायचा नसतो. वेगळ्या भांड्यात ठेवायचा, आणि रबरी नळीला सैल गाठ मारून त्यात टाकीचं पाणी थेंबथेंब सोडायचं. पाणी मानवेपर्यंत. घाई केली तर मरतो.

२२ मार्च, शनिवार

दुपारी ताई मासेवाल्याशी फोनवर बोलत होती. पाणी मानवतंय तिला, म्हणाली. आता थोडं वाढवते, घाई नाही करत. मला कोण आनंद झाला! जोडीदारीण येणार. कुठे ठेवली म्हणून घर पालथं घातलं. बाल्कनी, न्हाणीघर, माळा. दुसरी टाकी नाही. बादलीतही काही नाही.

या घरात नवी फक्त मी आहे.

२३ मार्च

जगमधल्या पाण्यात काचेची नळी सोडली. खारेपणा जवळजवळ टाकीच्या खुणेवर.

ताईला विचारलं. नाही म्हणाली असती तरी मी विश्वास ठेवला असता. नाही म्हणाली नाही. चिमी हॉस्टेलवर नाही. तिची फुप्फुसं निकामी झाली होती, श्वास पुरत नव्हता, डॉक्टरांनी हात टेकले. मग मासेवाल्याने हा उपाय सांगितला. पाण्यात श्वास पुरतो तिला, म्हणे. पण एकटीने जेवत नाही. मावशी लागते. हे सगळं ताई भाजी निवडता निवडता बोलली.

या हातांनी माझी वेणी घातली आहे. त्याच हातांनी माझ्या जगात—

२४ मार्च

निघाले. दाराला कुलूप नव्हतं. कधीच नव्हतं. फाटकापर्यंत पोचले आणि हवा छातीत जाईना. कानांमागे आग. रांगत परत आले. ताई दारात ओली चादर घेऊन उभी. तिला ठाऊक होतं.

चादरीत बरं वाटलं. त्याचाच जास्त राग येतो.

२६ मार्च

बोटं एकमेकांना चिकटतायत. पेन धरवत नाही. चिमी काचेला तोंड लावून— तिचा काय दोष. ताईचा गळा धरावासा वाटतो. आणि तिच्याच कुशीत शिरावंसं. दुसरं आहे कोण मला.

आज

टाकीचं झाकण काढलंय. स्टूल लावलंय.

ताई एकच मागतेय. चिमीला खरं कळू द्यायचं नाही. तिला वाटायला हवं, मावशी आपणहून आली. हात धरून विनवतेय. एवढं कर गं, म्हणतेय—

नाही. सगळं घेतलंस. हे नाही देणार. तिथे मला बोलता येईल, न येईल— म्हणून इथेच, जो वाचेल त्याला— ताई पेन ओढतेय— मी आपणहून आले ना