पडद्यावर गेलं ते घडलं

सोमवार, ३ जून
लागली एकदाची नोकरी. आई असताना म्हणायची, ही पोरगी प्रत्येक गोष्टीचा कीस पाडते, हिचं कसं होणार. आता त्या किसाचाच पगार मिळणार. अंतराळयानातली मालिका, दर शनिवारी संध्याकाळी सातला. बाराव्या भागात यानाचं दार डावीकडे सरकलं असेल, तर चाळिसाव्यात ते उजवीकडे सरकता कामा नये, हे मी बघायचं. खिडकीजवळचं टेबल, एक जाडजूड नोंदवही, आणि संहिता तपासून झाली की पानाखाली माझी लाल टिक. वहीच्या पहिल्या पानावर लेखकांनी लिहून ठेवलंय, 'पडद्यावर गेलं ते घडलं.' त्यांना सगळे काकाच म्हणतात. दादाला फोन केला. तो म्हणाला, आता माझ्या बोलण्यात चुका काढत बसू नकोस. आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना.

शुक्रवार, २१ जून
यानाच्या वैमानिकाला बालपणच नाही. वहीत त्याचं पान कोरं. काका म्हणाले, भर काहीतरी. मी सरळ दादाला उतरवला: डावखुरा, घाबरला की शीळ घालतो, भुवईवर व्रण. व्रण झोपाळ्याचा. मी सहा वर्षांची असताना दोघं एकदमच पडलो. दादा खाली, मी त्याच्यावर, म्हणून मला खरचटलंसुद्धा नाही. वहीत मात्र 'झोपाळ्यावरून पडला' एवढंच लिहिलं. दादाला सांगितलं नाही, उगाच मिरवेल.

शनिवार, १० ऑगस्ट
आजच्या भागात वैमानिक म्हणाला, मला ना भाऊ ना बहीण. ही संहिता मीच तपासलेली. वहीत बहिणीची नोंद नव्हती, म्हणून टिक केली होती.

सोमवार, १२ ऑगस्ट
दादाने फोनवर अदबीने विचारलं, आपण कोण. वाटलं, थट्टा करतोय. मग शीळ ऐकू आली. तो घाबरला होता, मला.
अल्बम काढला. झोपाळ्यावर तो एकटाच बसलाय.

बुधवार, १४ ऑगस्ट
काकांचे पाय धरले. म्हटलं, वैमानिकाला बहीण द्या, काहीही करा. ते म्हणाले, पडद्यावर गेलेलं मागे घेता येत नाही, पण ठिगळ लावता येतं. बघतो.

सोमवार, २ सप्टेंबर
नवी संहिता आली. काका खूश, म्हणतात सगळं चपखल बसलं. वैमानिकाला बहीण होती. दोघं झोपाळ्यावरून पडली. ती सहा वर्षांची — वाचली नाही. तेव्हापासून तो सांगतो, मला कुणी नव्हतंच.
वही तीनदा पाहिली. एकही चूक नाही. दादाला आता मी आठवेन. मेलेली.
मी टिक करणार नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर
पानाखाली लाल टिक आहे. लांब शेपटीची — माझीच.

शनिवार, १४ सप्टेंबर
पावणेसात. आज सातला तोच भाग. दादा फोन उचलत नाही.
डोकं मागून ठणकतंय. केसांत हात घातला तर ओलं —
टीव्ही बंद केला. काय उपयोग, शेजारच्यांकडे मालिकेचं संगीत सुरू —
निदान इथे नोंद राहू दे. मी त्याची बहीण. पडले होते, पण तो खाली होता — मला खरचटलंसुद्धा नाही — माझं नाव