बाईंच्या खोलीतला बंद कंप्युटर

७ जुलै, सोमवार

समुपदेशनाच्या बाई पासवर्ड विसरल्या. परत! शनिवारी घरी जाताना नवा ठेवला म्हणे, कुणाला कळू नये असा अवघड. आता त्यांनाच आठवेना. सकाळभर बोटं अधांतरी धरून बसल्या होत्या. झाडता झाडता मी म्हटलं, पाय तरी वर घ्या, खालचा कचरा निघू दे. हसल्या नाहीत.

मला तरी कुठे हसू येत होतं. पोरं त्यांच्याजवळ मनातलं बोलतात ते सगळं त्या कंप्युटरात. माझी पोरगीही परीक्षेपासून त्यांच्याकडे जाते. घरी तोंड उघडत नाही. ताटात चिवडत बसते. विचारलं की काही नाही. हे म्हणतात, वय आहे, होईल नीट. ह्यांचं सगळं आपोआपच नीट होतं.

बाईंना मी मागे सरळ विचारलं होतं, काय बोलते ती? म्हणाल्या, "मावशी, तिला शब्द दिलाय. तीच सांगेल कधीतरी."

कधीतरी! तोवर मी काय भिंतीला कान लावून बसू?

८ जुलै

कंप्युटरवाला आला. म्हणाला, आतला मजकूर नुसता बंद केलेला नाही, सगळा कालवून ठेवलाय. यंत्र फोडलं तरी हाती भुसाच लागणार. उघडायला लांबलचक आकड्यांची किल्ली हवी. ती मुख्याध्यापिकाबाईंनी अगदी जपून ठेवलेली. कुठे? त्याच कंप्युटरात.

मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

९ जुलै

किल्लीची दुसरी प्रत संस्थेच्या ऑफिसात आहे. देणाऱ्या मॅडम रजेवर.

बाई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, नाहीच उघडलं तर पोरांना पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावायचं का? एकदाच किती जड गेलं होतं एकेकाला. माझ्या पोरीचंच बोलत असाव्यात असं वाटलं. विचारलं नाही.

११ जुलै

उघडला!

आकडे कागदावर लिहायचे नाहीत असा नियम. रजेवरून आलेल्या मॅडम तिकडून फोनवर एकेक आकडा सांगणार, इकडे कंप्युटरवाला मोठ्याने म्हणून दाबणार. एक चुकला की पहिल्यापासून. दोनदा चुकलं. उघडला तशा बाई रडल्याच.

मग दोघं सह्या करायला शाळेच्या ऑफिसात गेले. जाता जाता तो म्हणाला, "मावशी, इथं बसा. मधूनमधून माउस हलवत राहा, नाहीतर परत बंद पडेल." बाई घाईत. कुणाला कुठे बसवतोय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पडद्यावर पोरांच्या नावांची रांग. शाळा मी चौथीत सोडली, पण ही वही लिहिते, पोरीचं नाव वाचता येतं. तेवढं तर येतंच. वरूनच तिसरं होतं. एक बोट दाबायचं काम.

माउस हलवला की बाण तिच्या नावावरून जायचा, परत यायचा. म्हटलं, आई आहे मी, माझा हक्क आहे. खूप वेळ हेच म्हणत राहिले. पण सगळ्या जगात ही पोर एकाच खोलीत बोलते. तिथेही आई घुसली असं कळलं तर मग जाईल कुठे?

खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड करून, हात मागे नेऊन माउस हलवत बसले, येड्यासारखी. खांदा भरून आला.

बाई धावत आल्या, माझी पाठ बघून दारातच थांबल्या. घ्या तुमचा माल, म्हटलं आणि बादली उचलली.

१२ जुलै

पोरगी शाळेतून आली ती गप्पच. उलट माझ्याकडे टक लावून बघत होती. चांगलं वागून मिळालं काय? कपडे धोपटून काढले.

१३ जुलै, रविवार

पोरगी आपणहून ओट्याशी आली. कालच बाईंनी तिला सगळं सांगितलं होतं. म्हणाली, "तू खरंच वाचलं नाहीस?"

नाही म्हटलं. ताठ मानेनं म्हटलं.

तर तिचा चेहराच पडला. "मला वाटलं होतं, वाचशील. म्हणजे मला सांगावं लागलं नसतं."

गॅस बंद केला. खाली बसले. तीही बसली.