यंदाचं गाऱ्हाणं

पुणे, ४ जानेवारी २०२५

ती. सुशीलाआत्यास,
शि. सा. न.

फोनवर मी चिडते, म्हणून लिहिते. तुमच्या वाचनालयात व्याख्यानाला मी येत नाही. अध्यक्ष भाईंचा फोन आला होता. विषयातलं 'लेस्बियन स्त्रीवाद' काढून नुसतं 'स्त्री आणि साहित्य' ठेवा म्हणाले, आणि सलोनीची ओळख मैत्रीण म्हणून करून देऊ म्हणाले. आत्या, माझा अख्खा प्रबंध ह्यावरच आहे! गोष्टीत दोन बाया जिवाभावाने एकत्र राहिल्या की समीक्षक त्यांना मैत्रिणी म्हणून मोकळे होतात आणि पुढच्या पानापासून नवऱ्याची वाट बघत बसतात. वाट बघणं सोडलं की त्या दोघी दिसतात, एवढंच माझं म्हणणं. आणि मीच माझं घर लपवू?

बाबांनाही बोलावलं होतं. वैभववाडीहून उत्तर नाही. सलोनी आणि मी संसार मांडल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तुझा लोभ तरी आटू देऊ नकोस.

तुझी,
प्राजक्ता

जामसंडे, १० जानेवारी

चि. प्राजक्तास,
अ. उ. आ.

मुकाट्याने ये, आणि सलोनीला घेऊन ये. मी वाचनालयाची उपाध्यक्ष आहे, शोभेची कुंडी नव्हे. फळ्यावर तुझा विषय मी माझ्या हाताने लिहिलाय, तू दिलास तस्सा. भाई पुसायला आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

प्रबंध वाचला. 'विषमलैंगिकतेची सक्ती' म्हटल्यावर आधी चष्मा पुसला. मग आठवलं, आपल्याकडे चौथीतल्या पोरीलाही सासरी गेल्यावर काय करशील म्हणून दम देतात. तीच ना ती? मग तसंच सांग, लोकांना कळेल.

सभेआधी नारळ ठेवून भाई देवाला गाऱ्हाणं घालतात. यंदा मी घालणार. बाईने आजवर घातलं नाही म्हणे. म्हणून काय झालं?

तिरफळातला बांगडा चालेल का, सलोनीला विचार. आत्यावर जीव आहे तसा असू दे.

तुझी,
आत्या

जामसंडे, २७ जानेवारी

चि. सत्यवानास,
अ. आ.

तू आला नाहीस, म्हणून लेकीचं कौतुक घरपोच पाठवते.

गाऱ्हाणं मी घातलं. माडा-पोफळीक फळ दी रे म्हाराजा, म्हटलं. सभा म्हणाली, व्हय म्हाराजा. मुंबय-पुण्याक गेलेल्यांका सुखी ठेव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. आणि त्याच दमात, आमची प्राजक्ता आणि सलोनी, ह्या जोडप्याचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा. सवयीने सगळ्या सभेने दणकून म्हटलं, व्हय म्हाराजा! सगळ्यांत मोठा आवाज भाईंचा. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

चार डोकी उठून गेली. भाई कुरकुरले, तर पुढच्या बाकावरची म्हातारी हौसाबाई सगळ्यांदेखत म्हणाली की देवाक दिलेलो व्हय मागे घेवचो नाय.

मग प्राजक्ता बोलली. सलोनीकडे हात करून, ही माझी जोडीदार, इथपासून सुरुवात. सासरी गेल्यावर काय करशील, हा पोरींना देतात तो दम सांगितला तेव्हा मागच्या बाकांवरच्या बाया खुदकन हसल्या आणि मग पुढे सरकून ऐकू लागल्या. सत्या, माझा ऊर भरून आला रे. अशी पोर आपल्या घरात जन्मली!

पुढचं तू ठरव. बहिणीवर राग धरू नये.

तुझी,
ताई

वैभववाडी, २ फेब्रुवारी

चि. प्राजक्ता व चि. सलोनी यांस,
अ. उ. आ.

ताईचं पत्र खिशात घालून काजूच्या बागेत गेलो. आसपास कोणी नव्हतं, तेव्हा मोठ्याने म्हणून बघितलं. पोरी, तू बोललीस ते ऐकायला मी हवा होतो. आता मोहोर धरलाय, काजू लागले की या. सलोनी माझ्याकडे प्रथमच येईल, तिची ओटी ताई भरेल.

तुमच्या गाऱ्हाण्यात एक आवाज कमी पडला होता, तो इथून घालतो. व्हय म्हाराजा.

दोघींचा,
बाबा